क्वेक यांच्या मागोमाग

वकील एका फर्ममधून दुसऱ्या फर्ममध्ये जातो तेव्हा लोकांना वाटतं, राजीनामा दिला, टेबलावरची चार पुस्तकं उचलली आणि गेला. तसं नसतं. आमच्या मरीना बेच्या फर्ममध्ये या येण्याजाण्याचं सगळं स्वी लिन बघायची. मी तिच्या शेजारच्या टेबलावर होते, वकिलांचे परवाने आणि नोंदण्या सांभाळायला. तिचं काम म्हटलं तर लग्न जुळवण्याचं, म्हटलं तर दुसऱ्याच्या घरातलं माणूस पळवून आणण्याचं. कुणाला कुठे भेटायचं, राजीनामा कुठल्या दिवशी टाकायचा, सोबत कोण येणार, कोणते अशील मागोमाग येतील आणि कोणते नुसते येतो म्हणतील, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं.

त्या वर्षी आमच्या फर्मला इग्नेशियस क्वेक हवे होते. जहाजांच्या खटल्यांत त्यांचं नाव मोठं. मार्केट स्ट्रीटवरच्या एका जुन्या फर्ममध्ये त्यांचा सगळा जन्म गेला होता. तिथं नव्या पिढीशी बिनसलं आणि क्वेक हलायला तयार झाले. पहिल्या भेटीतच त्यांनी आमच्या मोठ्या साहेबांना, ऑलिव्हेरोंना, सांगितलं, "प्रेमला येणार असेल तर मी येतो. ती माझा उजवा हात आहे."

ऑलिव्हेरो म्हणाले, "हातासकट या."

प्रेमला नडेसन शिकाऊ म्हणून क्वेक यांच्याकडे आली ती तिथंच राहिली. आता चाळिशीला टेकली होती. जहाज बंदरात अडकलं, कप्तान गांगरला, मालाचा मालक ओरडायला लागला, की फोन तिला जायचा. क्वेक कोर्टात उभे राहायचे, पण त्यांच्या हातात जो कागद असायचा तो तिनं रचलेला असायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

स्वी लिननं तिला भेटायला चोंग पांगच्या बाजारात बोलावलं, पार उत्तरेला. सोबत मला घेतलं. दोघी दिसल्या की कुजबुज होते, तिघी दिसल्या की लोक समजतात, बायका जेवायला आल्यात.

प्रेमला घामाघूम होऊन आली. "एवढ्या लांब? इथं मला मासेवालासुद्धा ओळखत नाही."

"म्हणूनच तर," स्वी लिन म्हणाली. "रॅफल्स प्लेसला माझ्यासोबत कॉफी प्यायलीस, तर तुझ्या फर्मला दुपारपर्यंत कळेल साखर किती घातली ते."

प्रेमला हसली. तळलेल्या नूडल्सची ताटली पुढं ओढून ती भराभर खायला लागली. दिवसभर काही खाल्लं नव्हतं म्हणे. स्वी लिननं तिला सगळं नीट समजावलं: हुद्दा काय, काम काय, कोण कोण बरोबर असेल. ती ऐकत होती, पण तिचा प्रश्न एकच होता.

"बॉस नक्की येतायत ना?"

"ते येतायत म्हणून तर तू. आणि तुझं स्वतःचं काय? तुला यायचंय का?"

प्रेमलानं ताटली बाजूला सारली. असं तिला कुणी विचारलं नसावं. "जिए, मला काम आवडतं. काम जिथं तिथं मी." स्वी लिनला ती पहिल्याच भेटीत जिए म्हणायला लागली, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

तिथून निघताना स्वी लिननं तिचं मनगट धरलं. "एक ऐक. नेमणुकीचं सहीचं पत्र हातात पडल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. क्वेक सांगू देत, देव सांगू दे."

"हो गं बाई," प्रेमला म्हणाली.

पत्र निघायला एक गोष्ट आडवी होती. नव्या वकिलानं पूर्वी कधी आमच्याच एखाद्या अशिलाविरुद्ध काम केलंय का, हे तपासावं लागतं. क्वेक यांचं तपासून झालं, स्वच्छ निघालं. प्रेमलाचं चालू होतं. तेवढ्यात क्वेक यांनी ठरवून टाकलं की सगळ्यांनी एकाच सकाळी राजीनामे द्यायचे. मागे राहील त्याला जुनी फर्म गोड बोलून थांबवेल, असं त्यांचं म्हणणं. प्रेमलानं स्वी लिनला फोन केला.

"जिए, बॉस म्हणतात आजच."

"पत्र आलंय?"

"बॉस म्हणतात, पत्र काय, येतंय. मी आहे ना."

"प्रेमला, मी काय सांगितलं होतं तुला?"

पलीकडून तिनं आवाज खाली आणला. मग ती म्हणाली, "मी त्यांना कसं सांगू, की तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाही?"

आणि तिनं राजीनामा दिला.

आमच्या धंद्यात राजीनामा दिला की जुनी फर्म माणसाला तीन महिने घरी बसवते. पगार चालू राहतो, पण कचेरीत पाय ठेवायचा नाही, अशिलांशी बोलायचं नाही, नव्या ठिकाणी काम करायचं नाही. क्वेक घरी बसले, प्रेमलाही घरी बसली. तिचे वडील, नडेसन अप्पा, पासिर पांजांगच्या बंदरात क्रेन चालवून निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बुकिट बाटोकच्या घरात बापलेक दोघंच. इमारतीखालच्या कॉफीच्या दुकानात ते दोस्तांना सांगत सुटले, "माझ्या पोरीच्या कचेरीतून आता माझी क्रेन दिसणार." क्रेन तिथून दिसत नाही, पण कुणी खोडून काढलं नाही.

आणि मग प्रेमलाचं नाव अडकलं.

काही वर्षांपूर्वी क्वेक हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात असताना एक खटला तिनं एकटीनं चालवला होता. जहाजावरच्या खलाशांचे थकलेले पगार. तिनं जहाज जप्त करवलं, विकायला लावलं, खलाशांना आधी पैसे मिळाले आणि ज्या बँकेचं त्या जहाजावर कर्ज होतं तिच्या हाती शेवटी फारसं काही उरलं नाही. ती बँक आमची मोठी अशील. ऑलिव्हेरोंनी सांगितलं की बँकेची हरकत आलीय, ही बाई आमच्या वकिलांच्या फर्ममध्ये नको म्हणतात. कागदपत्रांवर क्वेक यांचं नाव कुठंच नव्हतं.

"साहेब, यावर उपाय आहे," स्वी लिन म्हणाली. "बँकेच्या कामापासून तिला वेगळं ठेवू. वेगळा मजला, वेगळी कपाटं. असं आपण कितीदा केलंय."

"बँक ऐकत नाही, लिन."

"मी बोलू त्यांच्याशी?"

"तू नको बोलूस," ते म्हणाले, जरा घाईनंच.

स्वी लिननं ती घाई ऐकली. त्या बँकेच्या कायदा विभागाची प्रमुख झुबैदा. पूर्वी ती आमच्याच फर्ममध्ये होती, आणि तिला बँकेत नीट पोचवण्याची सगळी धावपळ स्वी लिननंच केली होती. गेलांग सेराईच्या बाजारात आम्ही तिघी जेवायला बसलो. झुबैदानं लोंतोंगचा, नारळाच्या रश्शातल्या भाताच्या वड्यांचा, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "बोल. तू फुकट जेवायला घालणाऱ्यातली नाहीस."

स्वी लिननं सरळ विचारलं. झुबैदाचा चमचा तसाच राहिला.

"हरकत? आमची? लिन, मला तर त्या बाईचं नावही आठवत नव्हतं. तुझ्याच साहेबांचा फोन आला की एक हरकतीचं पत्र पाठव. मला वाटलं, बाई काहीतरी भानगडीची असेल आणि तुम्हाला सभ्यपणे टाळायची असेल. एवढं करतोच की आपण एकमेकांसाठी."

"मग पत्र मागे घे."

"ज्यानं मागितलं त्यानं सांगितलं तर या क्षणी घेते. तू सांगितलंस म्हणून घेतलं, तर ऑलिव्हेरोंना मी काय तोंड दाखवू? उद्या मलाही काम पडतं त्यांच्याकडं." मग ती हळूच म्हणाली, "आणि ऐक, हे मी तुला बोललेच नाही."

कचेरीत आल्यावर स्वी लिन थेट ऑलिव्हेरोंच्या खोलीत शिरली. दार उघडंच होतं, त्यामुळं मला बाहेर सगळं ऐकू आलं.

"बँकेला फोन तुम्ही केलात?"

ऑलिव्हेरो चिडले नाहीत. ते चिडणाऱ्यातले नव्हतेच. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "हे बघ, मला क्वेक हवे होते. त्यांची एक अट होती."

"अट तर ती हवी अशी होती!"

"आधी तशी होती," ऑलिव्हेरो म्हणाले. "मग बदलली. मला का विचारतेस? त्यांना विचार. घरीच आहेत."

स्वी लिन बाहेर आली. पर्स उचलली आणि मला म्हणाली, "रोहाया, चल."

क्वेक यांचं घर सेरांगून गार्डन्समध्ये. घरी बसवल्यापासून त्यांनी अंगणात हौद बांधून घेतला होता आणि त्यात रंगीत मासे सोडले होते. आम्हाला बघून त्यांनी हात पुसले, खुर्च्या पुढं केल्या, मोलकरणीला लिंबूसरबत आणायला सांगितलं. माणूस वाईट दिसत नव्हता. थकलेला दिसत होता.

"तुम्हीच सांगितलंत ना ऑलिव्हेरोंना?" स्वी लिननं विचारलं.

ते हौदाकडं वळले. मग म्हणाले, "दवाखान्यातून परत आलो ना, तेव्हापासून अशील मला फोन करीनासे झाले. म्हणजे करायचे, तब्येत विचारायला. काम असलं की तिला. मी सगळ्यांच्या पाया पडून आलोय या धंद्यात. आता पासष्टीला येऊन मी कुणाच्या तरी मागे उभा राहू?"

"मग तिला तिथंच राहू द्यायचं होतं. राजीनामा कशाला द्यायला लावलात?"

"ती तिथं राहिली असती तर अशील तिच्यापाशीच राहिले असते," क्वेक म्हणाले. अगदी शांतपणे, एखाद्या शिकाऊ मुलाला मुद्दा समजावून सांगावा तसे. "इथं आली असती तर वर्षा-दोन वर्षांत सगळं तिचं झालं असतं. मग मी तिला ठेवू कुठे, तूच सांग."

सरबत आलं. कुणीच घेतलं नाही. निघताना ते म्हणाले, "तिला सांगू नकोस. मी तिच्यासाठी काहीतरी बघतो. थोडं स्थिरस्थावर झालं की बघतो."

टॅक्सीत स्वी लिन एकच वाक्य बोलली. "मी सांगणार आहे."

मी म्हटलं, "सांगून तिचं काय भलं होणार?"

"भलं नाही होणार. पण ती रोज त्यांच्या फोनची वाट बघत बसलीय."

बुकिट बाटोकला गेलो तेव्हा नडेसन अप्पांनी स्वतः डोसे घातले. आम्ही नव्या कचेरीची माणसं, म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "माझी पोर कधीपासून जायची?" त्यांनी तव्यावरूनच विचारलं. स्वी लिननं त्यांनाही येऊन बसायला सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. झुबैदाचं नाव तेवढं घेतलं नाही.

प्रेमला रडली नाही. हातातला डोशाचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, "बॉस असं करणार नाहीत. ऑलिव्हेरोंनी त्यांना भरीस पाडलं असेल."

"प्रेमला, मी त्यांच्या तोंडून ऐकलंय."

"आजारी माणूस काहीही बोलतो, जिए."

अप्पा उठले, गॅस बंद केला आणि आत निघून गेले. आतून खोकल्याचा आवाज आला, नंतर तोही थांबला. मग मात्र प्रेमलानं दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. "ते दवाखान्यात असताना मी रोज जायचे त्यांच्याकडं," ती आतल्या आत बोलल्यासारखी म्हणाली. "खटला कसा चाललाय ते सांगायला. ते म्हणायचे, शाब्बास."

स्वी लिन म्हणाली, "तू दावा लाव. मी साक्ष देते. नोकरी गेली तर गेली."

"कशावर लावू? त्यांनी मला तोंडी सांगितलं, बँकेला कुणी तोंडी सांगितलं, तुला कुणी तोंडी सांगितलं. असे दावे घेऊन लोक माझ्याकडं आले की मी त्यांना चहा पाजून घरी पाठवते." ती उठली, ताटं गोळा केली. "आणि जिए, हे बाहेर कुणाला सांगू नकोस. वकिलांच्याच फर्मवर दावा लावणारी बाई म्हणून नाव झालं, तर मला कुणी दारात उभं करणार नाही."

दारात तसंही कुणी उभं केलं नाही. जुन्या फर्मकडं ती स्वतः गेली. तिथल्या अध्यक्षांनी तिची चौकशी केली, वडिलांची चौकशी केली आणि सांगितलं की तिच्या जागी माणूस घेऊन झालाय. "तू त्यांच्याबरोबर निघालीस ना? मग त्यांच्याबरोबरच जा." क्वेक यांना तिनं एकदाच फोन केला. त्यांनी उचलला नाही. नंतर निरोप पाठवला की जरा स्थिरावलो की निवांत जेवायला भेटू.

एक ग्रीक जहाज कंपनी होती, तिचा इथला माणूस प्रेमलाच्या कामावर फार खूश. त्यानं तिला सांगितलं, तू स्वतःची छोटी कचेरी काढ, आमचं काम तुझंच. तिनं जागासुद्धा बघितली, तान्जोंग पगारला, जिन्याखाली एक खोली. मग त्यांच्या मुख्य कचेरीतून कळवण्यात आलं की एकट्या वकिलाकडं एवढी कामं देता येत नाहीत, विमा कंपन्या मान्य करत नाहीत. ते काम क्वेक यांच्याकडं आलं, म्हणजे आमच्याच फर्ममध्ये. फाइल माझ्या टेबलावरूनच पुढं गेली.

स्वी लिननं मात्र हार मानली नाही. इतकी वर्षं तिनं वकील आणले होते, आता ती एकीला बाहेर कुठंतरी पोचवू बघत होती, आणि तेही स्वतःच्या फर्मला कळू न देता. ती ओळखीच्या सगळ्यांकडं गेली. लोक भेटायचे, प्रेमलाचं कौतुक करायचे, आणि शेवटी सगळीकडं एकच प्रश्न निघायचा.

"पण ती क्वेक यांच्याबरोबर निघाली होती ना? मग त्यांनीच कशी घेतली नाही?"

"बँकेची हरकत आली."

"ते असतंच गं. पण ज्यांना माणूस हवा असतो ते मार्ग काढतात. काहीतरी असणार."

खरं कारण सांगायला तिला प्रेमलानंच बंदी केलेली. सांगितलं असतं तरी, मला वाटतं, लोक म्हणाले असते, काहीतरी असणार.

क्वेक आमच्याकडं रुजू झाले त्या दिवशी स्वागताचा समारंभ झाला. त्याची तयारी स्वी लिनच्याच कामात मोडत होती. फुलं, जेवण, पाट्या, सगळं तिनं केलं. क्वेक यांनी भाषणात आपल्या जुन्या सहकाऱ्यांची आठवण काढली, त्यांच्याशिवाय मी कुणीच नाही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वी लिन मागे पाण्याच्या टेबलापाशी उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "राजीनामा देऊ का गं?"

"दे," मी म्हटलं. "मग?"

तिनं पेला भरून घेतला. "मग माझ्या जागी कुणीतरी येईल. काम शिकवायला मलाच थांबवतील." आणि पाण्याचा पेला ठेवून ती जेवणाच्या रांगेकडं गेली, कारण शाकाहारी ताटं कमी पडली होती.

क्वेक यांचं चांगलं चाललं. त्यांचं काही वाकडं झालं नाही, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी दोन हुशार तरुण पोरं हाताशी घेतली. पोरं फार वर चढायला लागली की बदलायचे, पण त्यात कुणी खास लक्ष घातलं नाही.

प्रेमलाचा वकिलीचा परवाना मार्च अखेर संपला. नव्यानं काढायला तिनं अर्जच केला नाही. ती आता तान्जुंग पेलेपासला, समुद्राच्या पलीकडं मलेशियात, एका माल वाहतूक कंपनीत जाते. फुटलेल्या खोक्यांचे, भिजलेल्या पोत्यांचे दावे लिहून द्यायचं काम. सकाळी अंधारात निघते, पुलावरच्या गर्दीत उभी राहते. तिथं तिला कुणी वकील म्हणत नाही.

नडेसन अप्पा खाली कॉफीच्या दुकानात जाणं सोडून बसले. दोस्तांनी दोनचारदा हाका मारल्या, मग त्यांनीही सोडलं.

गेल्या वर्षी स्वी लिनला एक जागा कळली. छोटी फर्म, ब्रास बासाह भागात, जहाजांचं थोडं काम, आणि प्रमुख बाई क्वेक यांना न मानणारी. स्वी लिन इतकी आनंदली की तिनं माझ्यासमोरच, टेबलावरूनच फोन लावला. मीही हातातलं काम बाजूला ठेवलं. तिनं सगळं सांगितलं. पलीकडून प्रेमलाचा आवाज आला, मागं बसची घरघर.

"जिए, तिथं जाऊन आलेय मी. पावसाळ्यात. तुला सांगितलं नव्हतं. त्या बाई म्हणाल्या, विचार करून कळवते."

"मग पुन्हा एकदा मी बोलते त्यांच्याशी..."

"नको." मग ती म्हणाली, "जिए, तुझा फोन आला ना, की अप्पांना कळतं. मी फोन घेऊन आत जाते, तेवढ्यात ते कपाटातून तो शर्ट काढून इस्त्री करायला लागतात. मी बाहेर येते, काही नाही म्हणते, की ते पुन्हा कपाटात टांगून ठेवतात. कुणाला ओरडत नाहीत, काही विचारत नाहीत. नुसतं टांगून ठेवतात." तिचा आवाज तसाच होता, कोर्टात वाचून दाखवावं तसा कोरडा. "म्हणून आता करू नकोस फोन. राग नाही माझा तुझ्यावर. पण करू नकोस."

स्वी लिन बरं म्हणाली. फोन ठेवला. मग समोरची यादी जवळ ओढली. पुढच्या आठवड्यात दोन वकील हाँगकाँगहून येणार होते, त्यांच्या राहण्याचं बघायचं होतं.

तिनं पुन्हा फोन केला नाही. मीही केला नाही.